बाना (इसार) देण्याआधी घर कुठून बघायचं

बडोद्यात जुनं टेनामेंट (बैठं जोडघर) किंवा तळमजल्याचा फ्लॅट बघायला गेलं की दलाल आधी किचनमध्ये नेतो. ग्रॅनाइटचा ओटा, नवी कपाटं, चिमणी. ते सगळं शेवटी बघावं. सुरुवात जिन्याखालून, मीटरच्या पेटीमागून आणि कोठीच्या खोलीतून करावी, कारण रंगारी तिथे हात राखून काम करतो आणि जुनी भिंत तिथेच उघडी राहते.

पहिला शोध पाण्याचा. ३१ जुलै २०१९ ला शहरात एका दिवसात सुमारे ५०० मिमी पाऊस पडला. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीची पातळी ३५ फुटांच्या वर गेली. अकोटा, मुजमहुडा, समा, फत्तेगंज, वडसर या बाजूंना तळमजल्याचं घर विकायला निघालं असेल तर ते ताजं रंगवलेलं असणार, असं धरूनच चालावं. रंगवलं म्हणजे फसवलं असं नाही. पण रंगाखाली काय आहे ते कळल्याशिवाय भाव बोलू नये.

ओल कुठून आली हे तिची उंची आणि आकार सांगतात. पुराची ओल सगळ्या खोल्यांत एकाच पातळीवर थांबलेली असते. स्पिरिट लेव्हल किंवा पाण्याची नळी लावून ती पातळी एका खोलीतून दुसरीत नेऊन बघता येते. तिच्यासोबत इतर खुणा असतात: दाराची चौकट खालून फुगलेली, प्लायचे थर सुटलेले, खालच्या सॉकेटचे स्क्रू गंजलेले आणि वरच्या बोर्डाचे मात्र चकचकीत. जमिनीतून चढणारी ओल साधारण तीन फुटांपर्यंत जाते, वर अस्पष्ट होत जाते आणि पांढरा लोणा सोडते. पाइप गळत असेल तर डाग एकाच जागी, गोलसर. गच्चीचं पाणी स्लॅबला किंवा भिंतीच्या माथ्याला दिसतं.

जमिनीतून चढणाऱ्या ओलीचं कारण पुष्कळदा घराबाहेर असतं. सोसायटीचा रस्ता दर वेळी जुन्या थरावर नवा थर टाकून उंच होत जातो, अंगणात पेव्हर बसतात, आणि जोतं बुडत जातं. जोतं आजूबाजूच्या जमिनीपेक्षा किमान ४५ सेंटिमीटर उंच असावं. टेप लावून मोजा. दोन पायऱ्यांच्या जागी एकच उरली असेल, तर आतून कितीही वॉटरप्रूफ रंग दिला तरी ओल परत येणार.

ओल मोजायचा मीटर स्वस्तात मिळतो, पण त्याचा आकडा जपून वाचावा. पुराच्या पाण्यातले क्षार भिंतीत राहिले असतील तर भिंत वाळली तरी मीटर जास्त दाखवतो. म्हणून आधी नक्की कोरड्या असलेल्या आतल्या भिंतीचा आकडा घ्या, मग संशयित भिंतीवर जमिनीपासून दर फुटाला एक, आणि दोन्ही ताडून बघा.

जमिनीखालची टाकी विसरू नका. पुरात गटाराचं पाणी झाकणावरून आत जातं. झाकणाची कड अंगणाच्या पातळीपेक्षा उंच आहे का, गटाराचा चेंबर किती जवळ आहे, हे बघायला पाच मिनिटं पुरतात. टाकी भरून सगळे व्हॉल्व्ह बंद करायचे, पातळीवर खूण करायची आणि चोवीस तासांनी बघायचं. पातळी उतरली तर टाकी गळते, आणि भिंतीत फट असेल तर बाहेरचं आत येण्याचीही वाट मोकळी आहे.

भेगांकडे बघताना घाबरणं आणि दुर्लक्ष करणं, दोन्ही नको. बीमच्या खाली विटांच्या भिंतीला आडवी बारीक भेग सरसकट दिसते. काँक्रीट आणि वीट वेगवेगळ्या मापाने आकसतात, तिथे जाळी न मारता प्लास्टर केलेलं असतं. ती चिंतेची नाही. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली, विटांच्या सांध्यातून पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारी आणि तीन मिलिमीटरपेक्षा रुंद भेग मात्र बहुधा पायाची असते. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि उथळ पाया तिच्यासोबत हलतो. रुरकीच्या सीबीआरआय या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने याच मातीसाठी अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे तळाशी फुगवटा असलेले काँक्रीटचे खांब, विकसित केले. ते पाया मातीच्या हालणाऱ्या थराखाली, साधारण साडेतीन मीटरपर्यंत नेतात. शेजारच्या दोन घरांच्या त्याच दिशेच्या भिंती बघितल्या तर माती दोषी की बांधकाम, याचा अंदाज येतो. भेग अजून चालू आहे का हे बघायला तिच्यावर प्लास्टर ऑफ पॅरिसची पट्टी लावून तारीख लिहितात. पट्टी तडकली तर भेग जिवंत आहे. हे एका फेरीत होत नाही, म्हणून शक्यतो एकदा मे महिन्यात आणि एकदा जोराच्या पावसानंतर घर बघावं.

कॉलमला किंवा बीमला सळीच्या रेषेत उभी-आडवी भेग आणि तांबूस डाग असेल तर गोष्ट वेगळी. सळी गंजली की फुगते आणि वरचं काँक्रीट ढकलते. हातोडीने हलकेच ठोका. पोकळ आवाज आला तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा, रंगाऱ्याला नाही. पार्किंगवर उभ्या इमारतीत तळाचे कॉलम आधी बघा. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात अहमदाबादच्या पडलेल्या इमारतींत तळमजला खांबांवर मोकळा असलेल्या बऱ्याच होत्या. त्याआधीची इमारत असेल तर हा तपास टाळू नये.

गच्चीवर चायना मोझेक, म्हणजे फुटक्या टाइल्सच्या तुकड्यांची फरशी असते. तुकडे सुटलेत का, कठड्याच्या मुळाशी वाटा (कोपऱ्यातली गोलसर भरणी) फुटलाय का, आणि पाणी जाण्याच्या तोंडाशी उतार आहे की खड्डा, एवढं बघा. परवानगी मिळाली तर तोंड बंद करून एक इंच पाणी चोवीस तास साठवावं आणि खालून स्लॅब बघावा. बाथरूमलाही हीच परीक्षा, फक्त पाणी वरच्या मजल्यावरच्या बाथरूममध्ये साठवायचं.

वायरिंगमध्ये खरी गडबड बोर्डात नसते, वायर आणि एमसीबी (जास्त करंट गेला की पडणारा स्विच) यांच्या जोडीत असते. प्लगला अडीच चौरस मिलिमीटरची वायर आणि वर ३२ अँपिअरचा एमसीबी, हे वारंवार सापडतं. वायर जळेल तरी एमसीबी पडणार नाही. एसी-गीझरला चार चौरस मिलिमीटर हवी. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आहे का, टेस्ट बटण दाबल्यावर पडतो का, हे तिथल्या तिथे कळतं. अर्थिंग मात्र मीटरनेच मोजायचं. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर इलेक्ट्रिशियनकडून कारण काढून घ्या.

दांडिया बाजार, रावपुऱ्यातली जुनी लाकडी घरं घेणाऱ्यांनी तुळईचं भिंतीत शिरलेलं टोक स्क्रूड्रायव्हरने टोचून बघावं. मधली तुळई ठणठणीत आणि टोक भुसा झालेलं, असं असतं. चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचं प्लास्टर चढवलेलं असेल तर ओल आत कोंडते आणि तेच टोक आधी कुजतं.

कागद वकील बघेलच, पण मंजूर नकाशा आणि बी.यू. (इमारत वापराची) परवानगी हातात घेऊनच घर फिरावं. नकाशात मोकळी बाल्कनी आणि जागेवर विटांची बंद खोली, म्हणजे झुलत्या स्लॅबवर हिशोबात न धरलेलं वजन. नव्या प्रकल्पात ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत रचनेचा किंवा कामाचा दोष निघाला तर रेरा या स्थावर मालमत्ता कायद्यानुसार बिल्डरने तीस दिवसांत, फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो. जुन्या घराला हे संरक्षण नाही.

विकणाऱ्यांनी ओलीवर पुट्टी मारण्यापेक्षा गळका पाइप बदलावा आणि बिल जपून ठेवावं. पूर आला होता तर सरळ सांगावं, पाणी कुठवर आलं ते दाखवावं. शेजारी सांगणारच आहेत.

तपासात जे निघेल ते बानाखतात (विक्रीच्या आधीच्या करारात) लिहून घ्या: कोणती दुरुस्ती, कोण करणार, कधीपर्यंत, आणि झाली नाही तर विक्रीच्या दस्तावेजाच्या दिवशी किती रक्कम कापायची. तोंडी कबुली दस्तावेज झाल्यावर कोणाला आठवत नाही.