दूध तोडलेलं बाळ

मागच्या गुरुवारी आमच्याकडे घरगुती प्रार्थना होती. ऐरोलीतलं आमचं भाड्याचं वन आरके, त्यात पंधरा-सोळा माणसं, गादी उभी करून भिंतीला टेकवली, टीपॉय बाहेर पॅसेजमध्ये, चपला पार जिन्यापर्यंत. आमच्या चर्चच्या पाळक साहेबांनी बायबलमधलं स्तोत्र १३१ काढलं. तीनच वचनं आहेत त्यात, वाचायला अर्धं मिनिटही लागत नाही, पण मी तेव्हापासून त्यातच अडकलेय म्हणून लिहायला बसले.

आधी थोडं मागचं सांगते. दोन वर्षं आम्ही घर बघतोय. घणसोली झालं, कोपरखैरणे झालं, दिघ्याला स्टेशन सुरू झालं तेव्हा तिकडेही चक्कर मारली, शेवटी घोडबंदर रोड. रविवारी उपासना संपली की हे आणि मी साइट बघायला, कडेवर लेक, पाठीला डब्याची पिशवी. घोडबंदरला एक जमत आलं होतं, टोकनही दिलं, पण लोन लागेल तेवढं बसलं नाही आणि सगळं परत फिरलं. त्याच महिन्यात माझ्या जावेचं टूबीएचके झालं. घराच्या समर्पणाला आम्ही गेलो, गाणी म्हटली, पाळकांनी प्रत्येक खोलीत जाऊन प्रार्थना केली, मी तोंडाने आमेन म्हणत होते आणि आत नुसतं जळत होतं. त्यांच्या किचनला खिडकी आहे. त्या खिडकीपाशी उभी राहून मी देवाला विचारलं, आमचं काय चुकलं?

देव माझ्यावर प्रेम करतो हे मी संडे स्कूलपासून पाठ म्हणतेय, देवाने जगावर एवढी प्रीती केली हे योहान ३:१६ चं वचन झोपेतून उठवलं तरी म्हणेन. पण खरं सांगायचं तर त्या दिवसांत मी ते प्रेम स्क्वेअर फुटात मोजत होते. प्रार्थना म्हंजे यादी झाली होती, घर दे, ह्यांना इन्क्रिमेंट दे, पागडीतले पैसे सुटू दे, आणि यादी संपली की मी आमेन म्हणून उठायचे, त्याच्याजवळ बसायचेच नाही.

आता लेकीचं. ती दोन वर्षांची झाली, नाताळानंतर मी तिचं अंगावरचं दूध तोडायचं ठरवलं. आईने नगरहून फोनवर सांगितलं, कडुलिंबाचा पाला वाटून लाव, आपोआप सोडते. आपोआप वगैरे काही नाही हो, तीन रात्री बिल्डिंग जागी होती. मला सगळ्यात जास्त लागलं ते हे की ती माझ्याच मांडीत होती आणि माझ्यावरच चिडली होती, हातांनी मला ढकलायची आणि ढकलून परत मलाच चिकटायची. तिला काय कळणार की मी तिच्यावरचं प्रेम कमी केलेलं नाही, आता तिला भात-वरण खायचंय म्हणून हे चाललंय. ते मला माहीत होतं, तिला नव्हतं.

आणि मग बारा-पंधरा दिवसांनी एका दुपारी लाइट गेले होते, मी भिंतीला टेकून बसले होते, ती आली आणि मांडीवर डोकं ठेवून आडवी झाली. नेहमीसारखी पदराशी झोंबाझोंबी नाही, रडणं नाही. माझ्या बांगडीशी खेळत राहिली आणि तशीच झोपली.

गुरुवारी ते स्तोत्र वाचताना मला ती दुपार आठवली आणि पुढचं वाचन मी ऐकलंच नाही. कारण तिथे दूध पिणारं बाळ नाहीये, दूध तोडलेलं बाळ आहे. आईजवळ असलेल्या दूध तोडलेल्या बाळासारखा माझा जीव शांत आहे, असं ते स्तोत्र रचणारा दावीद राजा म्हणतो. तान्हं बाळ आईजवळ येतं ते भुकेपोटी, त्यात वाईट काहीच नाही. पण दूध तोडलेलं बाळ येतं ते आईसाठी. हे स्तोत्र १२० ते १३४ ह्या पंधरा आरोहणस्तोत्रांतलं, ती सणाला यरुशलेमला वर चढून जाताना लोक गायचे असं मानतात, म्हंजे पाय दुखत असताना, घर मागे सोडलेलं असताना हे गायचं.

नंतर मी घरी शास्त्र उघडून समाधानाची वचनं शोधत बसले. नव्या करारातल्या इब्री लोकांच्या पत्रात, १३:५ मध्ये, आधी म्हटलंय की द्रव्यलोभापासून दूर राहा, जवळ आहे त्यात तृप्त राहा, आणि लगेच कारण दिलंय. मला वाटायचं कारण असं असेल की देव पुढे अजून देईल. तसं नाहीये. कारण एवढंच की तो म्हणालाय, मी तुला सोडून जाणार नाही, टाकणार नाही. मूळ ग्रीकमध्ये त्या एका वाक्यात पाच नकार आहेत म्हणे पाळक साहेब, नाही नाही म्हणून परत परत सांगितल्यासारखं. घराचा विषयच नाही त्यात.

आणि प्रेषित पौल. फिलिप्पैच्या मंडळीला त्याने लिहिलेल्या पत्रातलं ४:१३, जो मला सामर्थ्य देतो त्याच्यामुळे मी सगळं करू शकतो, हे आपण सगळे स्टेटसला ठेवतो, परीक्षेच्या आधी, इंटरव्ह्यूच्या आधी, पण त्याच्या वरची दोन वचनं कोणी ठेवत नाही. तिथे तो भरल्या पोटाचं आणि उपाशी पोटाचं बोलतोय, तेही कैदेतून, आणि म्हणतो मी संतुष्ट राहायला शिकलोय. शिकलोय! म्हंजे त्यालाही आधी येत नव्हतं. हे वाचून मला केवढा धीर आला.

एक मात्र मला मनापासून सांगायचंय. ज्याची नोकरी गेलीय त्याला जाऊन समाधानी राहा असं सांगू नका. पौल ते स्वतःबद्दल बोलला, आणि पुढच्याच वचनात फिलिप्पैकरांना म्हणाला की माझ्या संकटात तुम्ही मदत केलीत हे चांगलं केलंत. त्यांनी त्याला उपदेश पाठवला नव्हता, मदत पाठवली होती.

घर आम्ही अजून बघतोय. मार्चमध्ये अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट संपतंय, मालक भाडं वाढवणार हे पक्कं. जावेला मी परवा फोन केला, तिच्या किचनच्या खिडकीत तुळस लावायची की पुदिना यावर आम्ही अर्धा तास बोललो.

त्या गुरुवारी सगळे गेल्यावर हे पाळक साहेबांना स्टेशनला सोडायला गेले. लेक सतरंजीवरच झोपली होती. मी लाइट बंद करून तिच्याशेजारी बसले, नेहमीची यादी ओठांवर आली होती, म्हटलीच नाही. बराच वेळ तशीच बसून राहिले त्याच्याजवळ. मग हे आले, दोघांनी मिळून गादी खाली घेतली.