नोंद ३ : जनरेटरने विहिरीचा पंप उचलला

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं आणि आमच्या दापोलीकडच्या वाडीत तीन आठवडे वीज नव्हती. विहिरीत पाणी होतं, पण ते पोहऱ्याने शेंदायचं. आईच्या तळहातांची सालं निघाली. बल्ब-पंख्यांना इन्व्हर्टर आहे. मला पंप उचलणारा जनरेटर हवा होता.

पंपाच्या पाटीवर १ एचपी, म्हणजे ७४६ वॅट. दुकानदार म्हणाले, ३ केव्हीए (जनरेटरची ताकद मोजायचं माप) भरपूर झाला. घरी क्लॅम्प मीटर (वायरभोवती चिमट्यासारखा लावून करंट मोजणारा) लावला, तर चालू पंप साडेसहा अँपिअर घेतो आणि सुरू होतानाचा झटका ३१चा! ३ केव्हीए २३० व्होल्टला जेमतेम १३ देतो. म्हणून ५ केव्हीए, पेट्रोलचा. डिझेल चालवायला स्वस्त, पण वजन फार, आणि वर्षातल्या चार दिवसांसाठी ते मला पटलं नाही.

चेंजओव्हर स्विचमध्ये, म्हणजे घर एकतर लाइनवर नाहीतर जनरेटरवर टाकणाऱ्या स्विचमध्ये, मात्र काटकसर करू नका, कळकळीने सांगतो. फेजबरोबर न्यूट्रलही तोडणारा टू-पोल घ्या. काही जण जनरेटरची वायर सरळ सॉकेटात खुपसतात. मेन पाडायचा राहिला, तर तोच करंट डीपीतून (गावच्या ट्रान्सफॉर्मरमधून) उलटा जाऊन ११ हजार व्होल्ट होतो आणि तिकडे खांबावर लाइनमन चढलेला असतो. वादळानंतर हीच माणसं भर पावसात आमच्यासाठी खांब उभे करत होती.

अर्थिंगचा खड्डा जांभ्यात खणायला दोन दिवस लागले. अडीच फुटांवर पहार ठणठणायला लागली. कोळसा-मिठाचे थर देऊन, पाणी मुरवून वायरमनने अर्थिंगचा रोध मोजला: ४ ओहम.

रविवारी चाचणी घेतली. लोड नसताना फ्रीक्वेन्सी ५२ हर्ट्झ, लोडवर ५०. फ्रिज चालू असताना पंप लावला, तर व्होल्टेज १७० पर्यंत बसलं आणि फ्रिज नुसता गुरगुरत राहिला. लगेच बंद केलं. आता क्रम ठरला: आधी पंप, टाकी भरली की पंप बंद, मग फ्रिज. बोर्डावर तसं खडूने लिहिलंय, आईला चष्म्याशिवाय दिसेल एवढं मोठं.

जनरेटर गोठ्यामागे, घरापासून वीस फुटांवर ठेवलाय. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, त्यामुळे पडवीत ठेवायचा विचारही केला नाही. बंद करताना पेट्रोलचा कॉक आधी फिरवतो, म्हणजे कार्ब्युरेटर रिकामा होतो. पहिलं ऑइल २० तासांनी बदलायचं आहे. आत्ता ३ तास झालेत. पावसाआधी वर पत्रा टाकायचाय.