चूक पोटात घालणारं धनुष्य आणि दीड इंचाचा घोळ

कंपाउंड धनुष्य, म्हणजे दोन्ही टोकांना कॅम नावाची चाकं असलेलं, घ्यायला निघालात तर विक्रेत्याला पहिल्या दहा मिनिटांत बाणाच्या वेगाबद्दल बोलू देऊ नका. हे मी रागातच लिहितोय. राग अजून पुरता उतरलेला नाही, तेव्हा जरा सांभाळून वाचा.

माझं धनुष्य कॅटलॉगात शिकारीच्या पानावर असतं. कोल्हापुरात एवढं सांगितलं की समोरचा लगेच डोळा मारतो, "काय मग भावा, दाजीपूरला गव्याच्या मागं काय?" दाजीपूरचं जंगल संस्थानकाळी छत्रपतींचं शिकारीचं रान होतं हे खरं, पण १९५८ पासून ते अभयारण्य आहे, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्यानुसार तर आता सशाच्या मागंही धनुष्य घेऊन फिरता येत नाही. मी बाण मारतो फोमच्या ठोकळ्यावर, पन्हाळ्याच्या वाटेवर मेहुण्याच्या उसाच्या कडेला. शिकारीचा प्रकार घेतला तो आखूड, हलका आणि स्पर्धेच्या धनुष्यापेक्षा खिशाला सोसणारा म्हणून.

शेवटी दोन धनुष्यं उरली. एकाची ब्रेस हाइट सहा इंच आणि वेग सेकंदाला ३४५ फूट. दुसऱ्याची सात इंच आणि वेग ३३०. ब्रेस हाइट म्हणजे मुठीच्या खोबणीपासून विसावलेल्या दोरीपर्यंतचं अंतर. ते कमी असलं की दोरी बाणाला जास्त लांबवर ढकलते, म्हणून वेग वाढतो. पण बाण तेवढा लांबवर दोरीला चिकटूनही राहतो, आणि तेवढ्यात तुमची मूठ वळली किंवा खांदा उचलला गेला तर ते सगळं बाणात उतरतं. सात इंचवालं धनुष्य अशा बारीकसारीक चुका पोटात घालतं. वेगवान कॅम ओढायलाही खडूस असतात. सुरुवातीलाच जड होतात, शेवटी एकदम सैल पडतात, आणि तिथं जरा ढिले राहिलात की दोरी हात हिसकावून पुढं पळते.

आणि तो कॅटलॉगातला वेग तुमचा नसतोच. तो मोजतात ३० इंच ड्रॉ (दोरी मागं ओढायची लांबी), ७० पौंड ताण आणि ३५० ग्रेन वजनाच्या बाणावर. माझा ड्रॉ साडेसत्तावीस, ताण ५५. इंचाला दहा फूट आणि पौंडाला दोन फूट हा ढोबळ हिशेब लावला की ३३० चे २७५ होतात. वर माझा बाण ३८० ग्रेनचा, दोरीवर पीप (नेम धरायचं बारीक भोक) आणि डी-लूप (दोरी ओढायचा फास). मित्राच्या क्रोनोग्राफवर, म्हणजे वेग मोजायच्या यंत्रावर, आकडा आला २६२. सहा इंचवालं घेतलं असतं तर पावणेतीनशेच्या आसपास. एवढ्यासाठी मी रोजच्या चुका चव्हाट्यावर मांडणारं धनुष्य घ्यायचं?

अमेरिकेतल्या शिकाऱ्याला वेग लागतो, कारण हरीण बावीस यार्डांवर आहे की सत्तावीस, हे त्याला बऱ्याचदा नजरेनं ठरवावं लागतं. वेगवान बाण कमी खाली येतो, म्हणून अंदाज चुकला तरी निभावतं. (हरणाला मात्र बाण कितीही वेगवान असला तरी दोरीचा आवाज आधी ऐकू जातो. आवाजाचा वेग सेकंदाला अकराशे फुटांच्या घरात आणि बाणाचा जेमतेम तीनशे.) माझा ठोकळा मी ठेवीन तिथंच उभा असतो. स्पर्धेतही कंपाउंडचं मैदानी अंतर ठरलेलं, ५० मीटर.

इथवर सगळं सुरळीत होतं. सात इंचवालं ठरवलं, परराज्यातल्या एका विक्रेत्याकडं पैसे भरले, त्याचा ऑनलाइन फॉर्म भरला. ड्रॉ लेंथच्या रकान्यात साडेसत्तावीस लिहिलं. दोन्ही हात पसरून मधल्या बोटाच्या टोकापासून टोकापर्यंत ६९ इंच, भागिले अडीच. तिरंदाजीच्या सरांनी हलक्या धनुष्यावर खुणा केलेला बाण ओढायला लावून तेच माप पक्कं केलं होतं.

खोकं आलं. सरांसमोर बाण लावून ओढलं तर दोरी थेट कानाच्या पाळीपाशी. पुढचा कोपर ताठ होऊन आतल्या बाजूनं बाहेर आलेला, मान मागं, आणि सोडल्यावर दोरीनं हातावर असा वळ उठवला की बायकोनं दारातच विचारलं, कुणाशी मारामारी झाली म्हणून. सरांनी कॅमवर बॅटरी मारली. दोन बोटांएवढा ॲल्युमिनियमचा तुकडा असतो तिथं, मॉड्यूल म्हणतात त्याला, ड्रॉ किती ते तोच ठरवतो. त्यावर बारीक कोरलेलं होतं : २९.

फोन लावला. पलीकडचा माणूस खूश! "साहेब, उलट फायदाच झाला की तुमचा. दीड इंच जास्त ड्रॉ म्हणजे पंधरा फूट वेग फुकटात." मी म्हटलं, मला वेग नको, माझं माप पाहिजे. तो म्हणाला, सवय होईल. पायाला मोठी चप्पल दिली तर पाय वाढायची वाट बघायची काय?

मग तक्रारीचा फॉर्म. त्यात दोषाचे पर्याय होते तुटलेलं, हरवलेलं, रंग वेगळा. माप वेगळं हा पर्यायच नाही. "इतर" निवडलं, आणि "इतर" कोण वाचतं ते देवाला ठाऊक. बऱ्याच दिवसांनी उत्तर आलं की या मॉडेलची ड्रॉ लेंथ बदलता येते, ग्राहकानं ती जुळवून घ्यावी. बदलता येते हो, पण दुसरं मॉड्यूल लावून, आणि ते खोक्यात नव्हतं. हे कळवलं तर मागणी आली की हात पसरून, टेपसह फोटो पाठवा. भिंतीला पाठ लावून उभा राहिलो, पोरगी टेप धरून, बायको फोटो काढतेय. आई आतून बाहेर आली, बघितलं आणि काही न बोलता परत आत गेली. फोटोवर उत्तर आलं, "तपासणी सुरू आहे".

तपासणी सुरू असताना पंचगंगा पात्राबाहेर आली, रानात गुडघाभर चिखल झाला, गणपती आले आणि गेले. धनुष्य खोक्यात, खोकं कपाटावर.

मधल्या काळात उद्यमनगरातला, म्हणजे आमच्या कारखान्यांच्या वस्तीतला, दोस्त भेटला. त्याला सांगितलं तर म्हणाला, "एवढंच व्हय? सॅम्पल आण, उद्या काढून देतो." व्हर्नियर खिशातनंच काढला त्यानं. उद्यमनगरात काय बनत नाही सांगा, आणि त्याच्या हाताबद्दल मला शंका नव्हती. पण वरचं आणि खालचं मॉड्यूल आकारानं तंतोतंत जुळलं नाही तर दोन्ही कॅम एका वेळी फिरत नाहीत, आणि आपल्याकडं मूळ साडेसत्तावीसचा नमुनाच नव्हता. २९ वरून अंदाजानं घासून काढायचं काम ते नव्हे. शिवाय ताणलेल्या लिंबपासून (धनुष्याच्या वाकणाऱ्या पात्यांपासून) माझं तोंड वीतभर अंतरावर. नको म्हटलं. तो अजून रुसलाय.

सुटलं कसं ते नीट वाचा, कारण हेच तुमच्या उपयोगाचं. फॉर्म भरताना मी प्रत्येक पानाचा स्क्रीनशॉट घेतला होता. तो जोडून एवढंच लिहिलं : मी २७.५ मागवलं, तुम्ही २९ पाठवलं. २९ वर मारणं माझ्या हाताला सुरक्षित आहे, असं तुमच्या लेटरहेडवर लिहून द्या. लेटरहेड आलं नाही. मॉड्यूल आले, दसऱ्याच्या आत, साध्या पाकिटात, चिठ्ठीसुद्धा नाही. सॉरी वगैरे तर सोडाच.

ॲलन कीनं मॉड्यूल बदलायला चहा गार व्हायचाही वेळ लागला नाही. एवढ्या कामासाठी अख्खा पावसाळा! माप बदललं की पीपची जागाही बदलते, तेवढी सरांकडून करून घ्या, आणि दोन्ही कॅम एकाच वेळी थांबतात का तेही बघून घ्या. पहिल्याच संध्याकाळी तीस मीटरवरचे बाण तळहाताखाली झाकतील इतके जवळ लागले. "फुकटातले" पंधरा फूट गेले, त्यांची आठवण मला अजून आलेली नाही.

आठवलं म्हणून : ७० पौंडांचं घेऊन ताण कमी करीन, असं म्हणू नका. लिंबचे बोल्ट साधारण दहा पौंडच खाली येऊ देतात, आणि जागतिक तिरंदाजी संघटनेच्या नियमात कंपाउंडला ६० च्या वर परवानगी नाही. पन्नास-साठचं घ्या. खोकं उघडतानाचा व्हिडिओ काढा. घरी आलेल्या पाहुण्याला "जरा ओढून बघा" म्हणू नका. बाण न लावता दोरी सुटली तर लिंब फुटू शकतात आणि वॉरंटीही जाते. दोन्ही टोकांच्या ॲक्सलमधलं अंतर ३३ इंचांच्या आसपास असेल तर धनुष्य हातात कमी डुलतं. तीसवालं झाडावर बसून मारणाऱ्यासाठी ठीक, उसाच्या बांधावर उभं राहणाऱ्याला त्याचा काय उपयोग?

२०२३ साली बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी आणि साताऱ्यातच सराव करणारा ओजस देवतळे एकाच स्पर्धेत कंपाउंडचे जगज्जेते झाले, तेव्हापासून इकडच्या पोरांना कंपाउंडच पाहिजे. आता २०२८ च्या ऑलिंपिकमध्ये कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धाही आहे. मेहुण्याचा पोरगा रोज विचारतो, "मामा, ३४५ वालं घेऊ काय?" त्याला सांगितलंय, सरावाच्या शेवटी, हात थरथरायला लागल्यावर, सरांकडचं सहा इंचवालं मागून घे आणि सहा बाण मार. मग माझ्यानं सहा मार. निशाणाचे दोन्ही कागद घेऊन ये, मग दुकानदाराला फोन लावू.