रोल संपवायचा होता

रोल ३६चा असायचा, आणि आमच्या घरात फोटो काढण्याजोगे ३६ प्रसंग एका वर्षात काही घडायचे नाहीत. गणपतीत घातलेला रोल दसऱ्यापर्यंत जेमतेम अर्धा व्हायचा, दिवाळीत आणखी थोडा सरकायचा, आणि मग कॅमेरा काळ्या कव्हरात गुंडाळून लोखंडी कपाटात, डांबराच्या गोळ्यांच्या शेजारी जाऊन बसायचा. न धुतलेल्या रोलवरचे रंग उष्णतेने आणि दमट हवेने बिघडतात, आणि ठाण्यात या दोन्हींना तोटा नाही. आमच्या एका वर्षीच्या गौरी त्यामुळे कायमच्या हिरवट झाल्या आहेत.

कॅमेरा काकांचा, मस्कतहून आणलेला यशिका. काका परत गेले, कॅमेरा बाबांकडे राहिला. कोडॅकने १९३४ साली ३५ मिलिमीटर फिल्मची जी तयार डबी बाजारात आणली, ती फारसं रूप न बदलता साठेक वर्षांनी नौपाड्यातल्या आमच्या स्टुडिओच्या काचेच्या कपाटात मांडलेली असे. ‘२४ की ३६?’ असं दुकानदार विचारायचा. ३६चा घेतला की दर फोटोमागे स्वस्त पडतो, असा बाबांचा हिशेब. हिशेब बरोबरच होता, फक्त तो रोल संपेपर्यंत घरातली लहान मुलं मोठी व्हायची.

आणि रोल अर्धवट असताना काढता यायचा नाही. म्हणजे यायचा, पण उरलेल्या फिल्मचे पैसे पाण्यात. हे कोणत्याही मध्यमवर्गीय घराला परवडण्यासारखं असलं तरी पटण्यासारखं नव्हतं. त्यामुळे एखादा फोटो तातडीने हवा असला की घरात फर्मान निघायचं, ‘आज रोल संपवायचाय.’ मग बाबा घरभर कॅमेरा घेऊन हिंडायचे आणि दिसेल त्याचा फोटो काढायचे. मला आता आमच्या अल्बममधले तेवढेच फोटो पाहावेसे वाटतात.

एक रोल आत्याच्या स्थळापायी संपवला गेला. आत्याचे तीन फोटो रोलमध्ये अडकले होते. गॅलरीतल्या तुळशीशेजारी उभी, मोतिया रंगाची साडी, चेहऱ्यावर ‘मला स्वयंपाक आणि शिवण दोन्ही येतं’ असा भाव. डोंबिवलीच्या मंडळींना रविवारपर्यंत फोटो हवा होता. तो धुऊन आला, पत्रिकेबरोबर पाकिटातून गेला, ‘योग नसल्यास फोटो कृपया परत पाठवावा’ अशी विनंतीही सोबत गेली. योग नव्हता आणि फोटोही परत आला नाही. पुढे आत्याचं लग्न पुण्यात झालं, छान झालं. अल्बममधला तो कप्पा मात्र रिकामाच आहे, आणि त्याच्या पुढच्या कप्प्यांत रोल संपवण्यासाठी काढलेले फोटो सुखाने बसलेले आहेत.

हे मला इतकं नेमकं सांगता येतं ते निगेटिव्हमुळे. फिल्मच्या काठावर कारखान्यातच आकडे उमटवलेले असतात, १, १ए, २, २ए असे, आणि फिल्म धुतली की ते दिसायला लागतात. अल्बममध्ये आईने फोटो आपल्या मर्जीने लावले. आधी देव, मग मोठी माणसं, मग आम्ही. निगेटिव्ह ट्यूबलाइटसमोर धरली की खरा क्रम कळतो. गौरी-गणपती, माझा वाढदिवस, दसऱ्याला नवी सायकल पुजलेली, मग आत्या तीनदा. आणि ३२ नंबरपासून अचानक घरात काहीच घडत नाही.

३२ मध्ये फडताळ आहे. नुसतं फडताळ. पितळी डबे, स्टीलचे डबे, त्यावर चिकटपट्टीने लावलेल्या चिठ्ठ्या, आणि वरच्या फळीवर उलटा घातलेला पाटा. ३३ मध्ये आजी वर्तमानपत्रावर मेथी निवडते आहे आणि हात आडवा करून काहीतरी बोलते आहे. ‘अरे, केस तरी नीट करू दे’ असं ती म्हणत होती, हे आईचं म्हणणं. ‘पैसे वर आलेत का’ असं म्हणत होती, हे बाबांचं. ३४ म्हणजे गॅलरीतून काढलेलं ‘दृश्य’: दोरीवर बनियनं, एक परकर, आणि दोन इमारतींच्या फटीत येऊरच्या डोंगराची निळसर रेघ. आमची बिल्डिंग आता पाडून तिथे टॉवर झालाय. यावर हळहळायची पद्धत आहे, पण खरं सांगायचं तर वरच्या मजल्यावरून डोंगर आता कितीतरी जास्त दिसतो. परकर मात्र कोणी बाहेर वाळत घालत नाही. सोसायटीचा नियम आहे.

सगळ्यात भारी ३७ नंबर. फिल्म नीट बेतून भरली तर ३६च्या रोलवर एखादा जास्तीचा फोटो निघायचा, आणि तो निघाला की बाबांना सरकारने टॅक्स परत केल्यासारखा आनंद व्हायचा. हा फोटो पुरा नाही. फिल्म संपल्यामुळे उजवीकडचा भाग कापला गेलाय. दारात समोरच्या बिऱ्हाडातला मुलगा उभा आहे, अर्धाच, हातात वाटी. विरजण मागायला आला असणार. दारावर दसऱ्याचं तोरण आहे, त्यातले झेंडू पार सुकलेत, आणि कंदील अजून लागलेला नाही. म्हणजे दसरा आणि दिवाळीच्या मधली दुपार. त्या तारखेला आमच्या घरात कोणी जन्मलं नाही, कोणाची मुंज झाली नाही. दही लावायचं होतं, एवढंच.

याउलट आमचे प्रसंगाचे फोटो. ते सगळ्या ठाण्याचे सारखेच असावेत. हळदीकुंकवाला भिंतीला टेकून बसलेल्या बायका, केकवर सुरी धरून गोठलेली मुलं, तलावपाळीला कठड्याला टेकून उभे असलेले पाहुणे आणि त्यांच्या मागे मासुंदा तलाव. डोळे लाल, कारण फ्लॅश भिंगाला चिकटून असतो आणि त्याचा उजेड डोळ्याच्या पडद्यावरून सरळ माघारी येतो. गडकरी रंगायतनमधल्या शाळेच्या गॅदरिंगचे फोटो तर मोठे विनोदी आहेत. छोटा फ्लॅश तीन-चार मीटरपलीकडे फारसा पोचत नाही, हे तेव्हा कोणाही पालकाला ठाऊक नसावं. मागच्या रांगेतून मोठ्या उमेदीने काढलेल्या त्या फोटोंत पुढच्या रांगेतली टकलं लख्ख उजळलेली आहेत आणि त्यांच्यापुढे मिट्ट काळोख. त्या काळोखात कुठेतरी मी कोळीण म्हणून नाचते आहे.

आता रोल नाही, तेव्हा संपवायचाही प्रश्न नाही. म्हणून असले फोटो बंद झाले असतील, असं मला वाटायचं. पण परवा आईचा फोन साफ करायला घेतला तर त्यात काय काय होतं: विजेच्या मीटरचा आकडा, केमिस्टला पाठवलेलं रक्तदाबाच्या गोळ्यांचं पाकीट, दूधवाल्याच्या हिशेबाचं कॅलेंडर, जांभळी नाक्यावरच्या दुकानातले दोन ब्लाउजपीस (खाली मावशीला प्रश्न, ‘कुठला?’), आणि मिक्सरचं तुटलेलं झाकण चार बाजूंनी. कॅलेंडरवर खाडे मांडलेत, त्यावरून आम्ही गावाला कधी गेलो होतो ते कळतं. ब्लाउजपीस धरलेल्या हातात आईची जुनी पाटली आहे, ती हल्ली ती घालत नाही. माझ्या फोनमध्येही मॉलच्या तळघरातला एक खांब आहे, बी-२, गाडी सापडावी म्हणून काढलेला. कडेला बाबा पॉपकॉर्नचा कागदी डबा पोटाशी धरून, आपला फोटो निघतोय याची काहीही कल्पना नसलेले.

फोन सारखा सांगतो, जागा भरली, निरुपयोगी फोटो काढून टाका. आणि असलेच निवडून पुढे करतो. मी येऊरमागे मावळणारे उपवन तलावावरचे सगळे सूर्य पुसले. भरपूर जागा झाली.