पाच मिनिटे डोळे मिटून

31 डिसेंबरच्या संध्याकाळी ठाण्याच्या नौपाड्यातील माझ्या डोळ्यांच्या दवाखान्यात सर्वांत शेवटी आलेले गृहस्थ ऐरोलीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करणारे होते. डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपते, दुपारनंतर अक्षरे पुसट दिसतात आणि चष्मा बदलूनही फरक पडत नाही, अशी त्यांची तक्रार होती. चष्म्याचा नंबर अचूक होता. मी त्यांना स्वतःच्या फोनवर काहीतरी वाचायला सांगून घड्याळ लावले. एरवी माणसाच्या पापण्या मिनिटाला साधारण 15 ते 20 वेळा लवतात. यांच्या चारदाच लवल्या आणि त्यातही दोनदा अर्ध्यावरून परतल्या. पापणी पूर्ण मिटली नाही की अश्रूंचा थर डोळ्यावर नीट पसरत नाही आणि डोळा कोरडा पडत जातो.

अश्रू मोजण्यासाठी खालच्या पापणीत गाळणकागदाची अरुंद पट्टी अडकवून रुग्णाला पाच मिनिटे डोळे मिटून बसवतात. फोन मी टेबलावर ठेवून घेतला होता, तरी पहिल्याच मिनिटात त्यांचा उजवा हात शर्टाच्या खिशाकडे गेला, रिकामा खिसा चाचपून मांडीवर आला आणि थोड्या वेळाने पुन्हा गेला. ‘‘डॉक्टर, झाली का पाच मिनिटे?’’ असे त्यांनी विचारले, तेव्हा जेमतेम दोन झाली होती. चौथ्या मिनिटाला मात्र त्यांचे ताठलेले खांदे सैल झाले. पट्टी 9 मिलिमीटरच भिजली होती. ती 10 च्या पुढे भिजायला हवी. पट्ट्या काढल्यावरही ते उठले नाहीत. ‘‘जागेपणी इतका वेळ नुसता बसलो, असे कित्येक महिन्यांत झाले नव्हते,’’ ते हळूच म्हणाले.

मग त्यांनी नव्या वर्षाचे संकल्प दाखवले. पाणी, पावले, ध्यान, वाचन या प्रत्येकासाठी वेगळे ॲप होते; फोन कमी वापरण्यासाठीसुद्धा होते. ‘फोन कमी वापरीन’ हा संकल्प मला कधीच पटलेला नाही, कारण फोन कोणत्या वेळी, कुठे ठेवायचा आणि त्या मोकळ्या वेळात काय करायचे, हे त्यात येतच नाही. मी केसपेपरची मागची बाजू आणि पेन पुढे केले. बराच विचार करून त्यांनी लिहिले, ‘रात्री 9 ते 10 फोन स्वयंपाकघरातल्या फडताळात. शनिवारी सकाळी मुलीबरोबर तलावपाळीला फेरी, फोन घरी.’ थेंब, गरम पाण्याचा शेक आणि दर 20 मिनिटांनी 20 सेकंद 20 फुटांपलीकडे पाहणे, एवढे मी त्याखाली जोडले.

फेब्रुवारीच्या मध्याला ते पुन्हा आले. शनिवारच्या दोन फेऱ्या चुकल्या होत्या, फडताळाचा नेम मात्र मोडला नव्हता आणि खुपणे कमी झाले होते. मी पट्टी हातात घेण्यापूर्वीच त्यांनी फोन बंद करून टेबलावर ठेवला. त्या पाच मिनिटांत त्यांचा हात खिशाकडे एकदाच गेला.