चिंचोक्याची खळ आणि दहा मासे

शनिवार, रात्र.

खळीसाठी, म्हणजे रंग आणि अस्तर धरून ठेवणाऱ्या चिकीसाठी, चिंचोके भाजून, साल काढून, दळून ठेवलेत. एक वाटी भुकटीला दहा वाट्या पाणी. भुकटी आधी गारच पाण्यात कालवायची. गरम पाण्यात टाकली की गुठळ्या होतात आणि त्या कितीही ढवळलं तरी फुटत नाहीत. मग मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं, पळीवरून सलग धार पडेपर्यंत. फडक्यातून गाळून चिमूटभर मोरचूद (कॉपर सल्फेट) घालायचा, नाहीतर कोकणच्या हवेत बुरशी ठरलेलीच. मोरचूद विषारी, म्हणून या कामाचं पातेलं स्वयंपाकघरात परत जात नाही.

सावंतवाडीच्या गंजिफाचा, म्हणजे हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांचा, खरा धडा मला या खळीत दिसतो. लोककलेतून चित्रकार बहुधा मोर, हत्ती, नक्षी उचलतो आणि ते कॅनव्हासवर उपरं दिसतं. उचलायची असते ती वस्तूची अडचण. बंगालचे चित्रकार यामिनी राय यांनी तेच केलं. बांकुड्यातल्या बेलियातोडचा (जन्म १८८७), कलकत्त्याच्या सरकारी कलाशाळेत तेलरंगातलं व्यक्तिचित्रण शिकलेला हा माणूस बंगालच्या लोकचित्रांकडे (पट) आणि खेळण्यांकडे वळला, तेव्हा रेषेबरोबर मोजके रंग आणि चिंचोक्याची खळसुद्धा त्याने घेतली. सपाट रंग आणि जाड रेघ ही निव्वळ आवड नव्हे. त्या माध्यमाला तेच शोभतं.

दशावतारी गंजिफात १२० पानं. दहा अवतार, प्रत्येकाचा राजा, प्रधान आणि एक्का ते दश्शी. मत्स्याची दश्शी म्हणजे गोल पानात दहा मासे. सरावाला याहून चांगला विषय नाही. आठ सेंटिमीटरचं वर्तुळ घ्या, सहा मिलिमीटरचा काठ सोडा. मासे उभे, १.८ सेंटिमीटर लांब आणि ०.९ सेंटिमीटर रुंद, ३-४-३ अशा ओळींत. वरच्या आणि खालच्या ओळीतले कडेचे मासे काठाला टेकू बघतात. त्यांना किंचित आत कलवायचं. मधल्या चौघांना दोन्ही बाजूंना जागा उरते, त्यांना पसरू द्यायचं. पट्टी वापरलीत तर दहाही मासे मेलेले दिसतात.

पानाला अस्तर खळ आणि खडूच्या भुकटीचं, दोन-तीन पातळ हात, सुकल्यावर गुळगुळीत गोट्याने घोटायचं. एकाच बाजूला लावलं तर पान द्रोणासारखं वळतं, म्हणून पाठीलाही तितकेच हात. अस्तर जाड झालं तर पान वाकताच तडकतं. रंगात खळ कमी पडली तर दुसऱ्या हाताला पहिला रंग उठून येतो. जास्त झाली तर रंग चकाकतो आणि पुढे पापुद्रे सुटतात. रंगवण्याआधी कडेच्या तुकड्यावर ओलं बोट फिरवून बघावं.

जुनी लाखेची भातुकली टेबलावर आहे. लाकूड लेथवर फिरत असतं, लाखेची कांडी नुसती टेकवायची. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून बसते. वरून केवड्याच्या पानाने घासलं की चकाकी. त्यामुळे रंग फक्त आडव्या पट्ट्यांनीच येतो, दुसरा मार्गच नाही. चित्रात या पट्ट्यांना गोलाई द्यायची तर नजरेच्या वरच्या पट्ट्या वर फुगतात, खालच्या खाली. टोकं वळून मागे जायला हवीत. टोकदार ठेवली की केळं होतं. किंवा पट्ट्या सरळ ठेवा, पण मग चकाकीची पांढरी रेघही काढून टाका. अर्धं सपाट, अर्धं गोल असं चित्र कुठलंच होत नाही.

टवके उडालेत ते बोटं जिथे धरतात तिथे आणि कडांना. सगळीकडे ओरखडे काढून ‘जुनं’ करायचा मोह होतो. तो नाटकातल्या पांढऱ्या दाढीइतकाच खरा दिसतो.

कुडाळजवळच्या पिंगुळीच्या चित्रकथीबद्दल, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगण्याच्या कलेबद्दल, इतकंच: ते चित्र हातात धरून समोर बसलेल्यांना गाऊन दाखवायचं असतं, म्हणून डोळा मोठा आणि बाह्यरेषा ठाम. आपलं चित्र दहा-बारा फुटांवरून बघावं. माशाचा डोळा तिथून हरवत असेल तर तो मोठा करायचा, रेघा वाढवायच्या नाहीत.

उद्या राजाचं पान. खळ अर्धी वाटीच करायची, उगाच उरायला नको.