गोलांची यादी बाजूला ठेवून फॉरवर्ड कसा निवडायचा

जळगाव, भुसावळ, धुळे, नंदुरबार, कुठल्याही शालेय स्पर्धेनंतर निवडीसाठी एकच कागद हाताशी असतो: कोणी किती गोल केले. त्यावर मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्यांचं मत चिकटतं. 'पोऱ्या भलता पयस' (पोरगा भलता पळतो) म्हटलं की नाव पक्कं. पळणं दिसतं आणि गोल लक्षात राहतो. गोल किती मिनिटांत झाला, कुठून झाला, समोर कोण होतं हे मात्र कागदावर येत नाही, आणि फॉरवर्ड ओळखायला नेमकं तेच लागतं.

एक हिशेब करून बघू, आकडे समजुतीसाठी घेतलेले आहेत. पहिल्या मुलाचे 9 गोल, दुसऱ्याचे 5. सामने 60 मिनिटांचे. पहिला 14 सामने पूर्ण खेळला, म्हणजे 840 मिनिटं. दुसरा 7 सामने, 420 मिनिटं. पहिल्याच्या 9 पैकी 4 पेनल्टी आहेत. केळीचा घड तोलताना दांडा वजा करतात, तशा पेनल्ट्या आधी वजा करायच्या, कारण त्या संघाला मिळालेल्या असतात आणि मारायचं काम कोणावर तरी सोपवलेलं असतं. उरले 5 विरुद्ध 5. आता गोल भागिले मिनिटं गुणिले 90, म्हणजे मोठ्यांच्या पूर्ण 90 मिनिटांच्या सामन्याला किती पडतात ते. पहिला 0.54, दुसरा 1.07. यादी उलटी झाली. इथे थांबलात तर दुसरा मुलगा निवडाल आणि बहुधा चुकाल.

दुसऱ्याच्या पाचपैकी तीन गोल एकाच 9-0 च्या सामन्यात आहेत, समोरच्या संघाकडे धड अकरा मुलंही नव्हती. तो सामना काढला की 360 मिनिटांत 2 गोल, म्हणजे 0.5. दोघं जवळजवळ बरोबरीत आले. मग डीच्या आतून मारलेले फटके बघायचे (पेनल्टी बॉक्सला आपल्याकडे सगळे डीच म्हणतात). पहिल्याचे 22, म्हणजे दर 90 मिनिटांना 2.36. दुसऱ्याचे त्या एकतर्फी सामन्याशिवाय 6, म्हणजे 1.5. ट्रायलला बोलवायचा तो पहिला. एकतर्फी सामना काढायचा तर तो दोघांच्याही वहीतून काढा, नाहीतर पारडं आपणच झुकवतो. इथे पहिल्याच्या वाट्याला तसा सामना नव्हता.

गोलापेक्षा फटक्यांवर भर देण्याचं कारण साधं आहे: गोल फार थोडे असतात. पेनल्टी सोडून पहिल्याचे सगळे फटके 31 धरले तर 5 गोल म्हणजे 16 टक्के. पण इतक्या कमी फटक्यांवर त्याची खरी टक्केवारी 7 ते 33 मध्ये कुठेही असू शकते. दुसऱ्याचे 11 फटक्यांत 5, म्हणजे 45 टक्के, आणि खरी टक्केवारी 21 ते 72 मध्ये कुठेही. या आकड्यांवर 'फिनिशिंग जबरदस्त' असा शेरा मारणं म्हणजे चार थेंबांवरून पावसाळ्याचा अंदाज बांधणं. योग्य जागी पोहोचून फटका मारण्याची सवय मात्र पाच-सहा सामन्यांतच दिसायला लागते आणि पुढेही टिकते.

मिनिटांचंही तसंच. चेल्सी या इंग्लिश क्लबात इजिप्तचा फॉरवर्ड मोहम्मद सालाह याने 13 लीग सामन्यांत 2 गोल केले होते, त्यातल्या बऱ्याच सामन्यांत तो बदली म्हणून उतरलेला. 'चालला नाही' हा शिक्का पडायला तेवढं पुरलं. 2017 मध्ये लिव्हरपूलने त्याला रोमा या इटालियन क्लबाकडून घेतलं आणि 2017-18 च्या प्रीमियर लीगमध्ये त्याने 32 गोल केले.

हे फटके आणि मिनिटं वहीत टिपायचं काम दोन माणसांचं आहे. एकजण बघून बोलतो, दुसरा लिहितो. एकट्याने करायला गेलात की लिहिताना मान खाली जाते आणि पुढचा फटका सुटतो. मोबाईल मधल्या रेषेच्या सरळीत, जमेल तितक्या उंचीवर लावा. स्टँड नसेल तर शाळेच्या पहिल्या मजल्याचा व्हरांडा उत्तम. गोलमागे कधीच लावू नका, तिथून अंतराचा अंदाज पार फसतो. पानावर अर्ध्या मैदानाचं चित्र आधीच काढून ठेवा: पेनल्टी बॉक्स रेषेपासून 16.5 मीटर, गोल बॉक्स 5.5 मीटर, पेनल्टीचा ठिपका 11 मीटर. प्रत्येक फटक्याला चित्रावर एक क्रमांक आणि खाली एक ओळ: मिनिट, जर्सी, उजवा-डावा की डोकं, चेंडू कसा आला (थ्रू पास, क्रॉस, कॉर्नर, स्वतः कट मारून म्हणजे समोरच्याला चकवून, कीपरच्या हातून सुटलेला), आणि निकाल. ओळ पाच सेकंदांत लिहून व्हायला हवी. घरी व्हिडिओ लावून जागा दुरुस्त करा, मैदानावर मारलेली खूण दोन-तीन मीटर इकडेतिकडे असतेच.

सगळ्यात जास्त घोळ होतो बदली खेळाडूंचा. स्पर्धेच्या कागदावर उतरलेल्याचं नाव असतं, मिनिट बहुतेकदा नसतं. त्यात कमी जर्सी असलेले संघ बाहेर आलेल्याचीच जर्सी आत जाणाऱ्याला घालतात. वहीत 10 नंबर एकच, मुलं दोन! म्हणून प्रत्येक बदल मिनिटासह आणि बुटांच्या किंवा मोज्यांच्या रंगासह लिहा. दुसरा घोळ क्रॉसचा. चुकून गोलकडे गेलेला क्रॉस फटका म्हणून लिहिला की विंगरचे, म्हणजे कडेने खेळणाऱ्या मुलाचे, आकडे फुगतात. नियम आधी ठरवा आणि सगळ्यांना तोच लावा.

फटक्याच्या जागेला वजन देता येतं. व्यावसायिक फुटबॉलमध्ये याला एक्सजी म्हणतात, म्हणजे त्या जागेवरून, तशा फटक्याचा गोल होण्याची शक्यता. तिथले ढोबळ आकडे असे: पेनल्टीला 0.76 ते 0.79, चालू खेळात ठिपक्याच्या आसपास 0.15 ते 0.2, गोल बॉक्समध्ये समोरून 0.3 च्या पुढे, डीच्या बाहेरून 0.03-0.04. त्याच जागेवरून हेडरची किंमत पायाच्या फटक्यापेक्षा कमी.

हे आकडे चौदा वर्षांखालच्या सामन्याला जसेच्या तसे लावले तर फसगत होते. गोल तोच, 7.32 मीटर रुंद आणि 2.44 मीटर उंच, पण खाली उभा कीपर पाच फुटी. 22 मीटरवरून उचलून मारलेला चेंडू त्याच्या डोक्यावरून आत जातो, मैदान टाळ्या वाजवतं आणि मुलगा 'लाँग रेंजर' होतो. तोच फटका सतरा वर्षांखालच्या गटात कीपर आरामात कवेत घेतो. म्हणून कीपरच्या डोक्यावरून गेलेल्या गोलांवर वेगळी खूण करा आणि तुलना करताना ते वगळा. शरीराने लवकर वाढलेल्या मुलाचंही तसंच आहे. वयोगटाची तारीख 1 जानेवारी असेल तर जानेवारीत जन्मलेला मुलगा डिसेंबरमधल्यापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठा असतो आणि त्या वयात वर्षाचा फरक खांद्यातच दिसतो. नावापुढे जन्ममहिना लिहा. दोघांचे आकडे सारखे असतील तर माझं मत डिसेंबरवाल्याला.

विंगरला मात्र गोल आणि फटके दोन्ही अपुरे. त्याच्यासाठी तीन गोष्टी मोजा: समोरच्याला कट मारायचे प्रयत्न आणि त्यातले यशस्वी, डीच्या आत चेंडूला झालेले स्पर्श, आणि त्याच्या पासवर दुसऱ्याने मारलेले फटके. असिस्ट, म्हणजे ज्यावर गोल झाला असे पास, मोजू नका. पास तोच असतो, स्ट्रायकरने बाहेर मारला की असिस्ट शून्य. भागाकारही मिनिटांऐवजी चेंडूला झालेल्या स्पर्शांनी करा, दर 50 स्पर्शांना किती. सतत चेंडू ठेवणाऱ्या संघाचा विंगर मिनिटांच्या हिशेबात उगाच मोठा दिसतो आणि दबून खेळणाऱ्या संघातला, तीनच संधीत तिन्ही वेळा बॅकला मागे टाकणारा, यादीतून गळतो.

भागाकार विसरण्याची खोड जुनी आहे. चार्ल्स रीप नावाच्या इंग्रज माणसाने 1950 पासून हाताने सामने टिपले आणि बहुतेक गोल तीन किंवा त्याहून कमी पासांतून होतात, म्हणून चेंडू लांब मारा असा निष्कर्ष काढला. पण चेंडू हाती आल्यावर बहुतेक चढाया तेवढ्याच पासांत संपतात. गोल तिथे जास्त, कारण प्रयत्नच तिथे जास्त. टिपण चोख होतं, फक्त छेदाकडे दुर्लक्ष झालं.

मैदानाची नोंद प्रत्येक पानावर हवी. शालेय स्पर्धा पावसाळ्यात आल्या की आपली काळी माती स्टडला किलोकिलोने चिकटते, डीत डबकं साचतं आणि पाय हलका असलेला मुलगा कट मारायला गेला की चेंडू तिथेच रुततो. त्या दिवसाचे कटचे आकडे फेकून द्या, फटक्यांच्या जागा ठेवा. उन्हाळ्यात तीच जमीन दगड होते, टप्पा गुडघ्यावर येतो, पहिला स्पर्श सगळ्यांचाच वाईट दिसतो. अशा वेळी एका मैदानावरच्या मुलांची त्याच मैदानावरच्यांशी तुलना करा.

चेंडू नसताना मुलगा काय करतो हे वहीत येत नाही. त्यासाठी एका सामन्यातली दहा मिनिटं फक्त त्याच्याकडे बघा, चेंडूकडे अजिबात नाही: क्रॉस यायच्या आधी तो सेंटर बॅकच्या मागे सरकतो की समोर उभा राहून हात वर करतो, चेंडू गमावल्यावर पहिली तीन पावलं कुठल्या दिशेला टाकतो. हे शेवटी करा, आकड्यांतून पाच-सहा नावं उरल्यावर. आधी केलंत तर आवडलेल्या मुलाचा क्रॉससुद्धा फटका म्हणून लिहिला जातो.

निवड समितीला पाठवताना प्रत्येक नावापुढे एवढंच द्या: खेळलेली मिनिटं, पेनल्टी वगळून गोल, दर 90 मिनिटांना डीतले फटके, किती सामने बघितले, आणि व्हिडिओतली चार-पाच मिनिटं, त्यात दोन चुकलेल्या फटक्यांची.